कोंबड्यांच्या घराला बाक

आमच्या शेजारच्या नर्सबाई लाकडाला स्टेथोस्कोप लावतात.

पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात आणि विनोदाचा उरलेला भाग ऐकायला थांबतात. उरलेला भाग नाहीच. जुन्या दाराची एखादी फळी कुठून तरी येते, नर्सबाई तिला दोन विटांवर आडवी निजवतात, नळी कानात घालतात, दुसरं टोक फळीच्या छातीवर टेकवतात (फळीची छाती कुठे असते हे त्यांनाच माहीत) आणि डोळे मिटतात. भोवती उभे असलेले आम्ही आपोआप गप्प होतो. एकदा तर माझ्या हातातला चहा पार निवला. मग निदान होतं.

"आत हालचाल हाये."

म्हणजे लाकडात किडा आहे. मग फळीला सुई देतात. सिरिंज खरीखुरी, आत निंबोळीचं तेल. सुई टोचताना नर्सबाई फळीला थोपटतात आणि म्हणतात, "झालं, झालं. एवढंसंच लागन." फळी कधी रडली नाही हे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

आणि आत काही ऐकू आलं नाही तर, "छाती साफ हाये. घ्या भरती करून."

भरती झालेल्या प्रत्येक लाकडाचा केसपेपर निघतो. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर निळ्या शाईत सुवाच्य अक्षर. माझ्या समोर आत्ता एक आहे, जसाच्या तसा उतरवतो: 'नाव – दार. जात – साग. वय – अंदाजे साठ. तक्रार – मधोमध चीर, एक कोपरा उदईनं खाल्लेला. सोबत – दोन बिजागऱ्या.'

नर्सबाईंचं नाव यमुनाबाई. पण चामोर्शीत या नावानं विचाराल तर घर सापडणार नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी आतल्या भागात, एटापल्लीच्याही पलीकडच्या उपकेंद्रांत नोकरी केली. लग्नाचं राहून गेलं. कसं राहिलं असं माझ्या बायकोनं, सुनंदानं, एकदा विचारलं होतं. "रोज कोनाचं ना कोनाचं बाळंतपन असे, माह्या लग्नाले रजा कोन देते?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन साहेब उभे होते. नर्सबाई म्हणाल्या, "शाल मले गरम होते साहेब. ते लशीचा फ्रिज ज्याच्यात आला ना, ते लाकडी खोकं द्या." साहेबांनी दिलं. एक ट्रंक, एक खाट आणि ते भलंमोठं खोकं घेऊन त्या आमच्या शेजारी राहायला आल्या. आठवडाभरात खोक्याचा भांडी घासायचा मांडव झाला. त्याचा तिसरा आणि चौथा खांब म्हणजे आमच्या घराची मागची भिंत होती. मी तक्रार करायला गेलो, तर मलाच चहा देऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, भिंत तुमची हाये हे खरं. पन तिले तरी सोबत नको काय?"

तेव्हापासून सात-आठ वर्षं घरामागच्या मोकळ्या जागेत, जिला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात, नर्सबाईंचा सुतारकामाचा दवाखाना जोरात चालू आहे. कोंबड्यांचं खुराडं झालं, वालाच्या शेंगांचा मांडव झाला, न्हाणी झाली, सरपणाची खोली झाली. मोडलेल्या पायाला त्या प्लास्टर घालतात. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. सरपणाच्या खोलीचा डावा खांब आजही पांढऱ्या प्लास्टरमध्ये आहे आणि त्यावर 'पाणी लागू देऊ नये' असं लिहिलंय.

यात एक गोष्ट नवा माणूस आला की लगेच विचारतो. प्रत्येक वस्तूला बाहेरून एक बाक जोडलेला आहे. न्हाणीला बाक, मांडवाला बाक, सरपणाच्या खोलीला बाक. आणि कोंबड्यांच्या खुराड्याला, दोन माणसं ऐसपैस बसतील असा बाक. मी एकदा म्हटलं, "नर्सबाई, कोंबड्यांना भेटायला कोण येणार?"

"कोनी ना कोनी येतेच," त्या म्हणाल्या. "पेशंट एकटा नसते कधी. तिकडे पेशंटले खाटेवर टाकून आनत. चार जन खांद्यावर, चार जन बदलीले, आन मागं म्हातारी. पेशंटले मी आत घेऊ. सोबतचे बसतीन कुठी? चिखलात. रातभर चिखलात. मी वरती लिहून लिहून थकली, बाक द्या, बाक द्या. पंखा देला, बाक नाई देला. वीजच नव्हती."

म्हणून आता कोंबडीच्या सोबतच्यांचीही सोय आहे. फायदा असा झाला की गल्लीतल्या बाया संध्याकाळी तिथेच बसू लागल्या. तोटा असा झाला की कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. एवढ्या बायांसमोर कोण देईल?

तुम्ही नर्सबाईंच्या फाटकातून आत शिरलात की 'या' नाही, 'बसा' नाही. पहिला प्रश्न, "सोबत कोन हाये?" एकटाच आलोय म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मी दहा पावलांवर राहतो. तरी मिरच्या द्यायला जाताना कधी कधी सुनंदाला घेऊन जातो.

गल्लीत एक खरा सुतार आहे. नामदेवभाऊ. तीन पिढ्यांचा धंदा, हातात स्टीलचा टेप, कानावर पेन्सिल. नर्सबाईंचं काम त्यांना कुंपणापलीकडून दिसतं आणि ते बघताना त्यांचा चेहरा दात दुखल्यासारखा होतो. "मास्तर," ते मला म्हणतात, "साग, आंबा, खोक्याचं लाकूड. बाई कोनालेही कोनासोबत लावून देते. असं टिकते काय?" हे नर्सबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टिकते. आजकाल घरचे पन मान्य करतात."

खरा वाद टेपवरून. नर्सबाईंकडे नोकरीतला कापडी टेप आहे. बाळांची डोकी आणि गरोदर बायांची पोटं मोजून मोजून तो इतका ताणला गेलाय की त्याच्या एका फुटात दुसऱ्या कोणाचाही सव्वा फूट बसतो. सगळंच त्या टेपनं मोजलेलं असलं तर अडचण नसते. पण दुकानातून टिनाचा पत्रा आणला की तो चारी बाजूंनी तोकडा. "दुकानदारानं कमी देला," नर्सबाई म्हणतात. नामदेवभाऊंनी एकदा त्यांच्यापुढे स्टीलचा टेप धरला. त्यांनी तो टेप न्याहाळला, बोटानं वाकवून पाहिला आणि परत दिला. "थंडा हाये भाऊ. पेशंट दचकते."

आता खाकी पँटची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या जिल्ह्यात माणूस वाघाला भितोच. पण घरात सागाची फळी असली तर खाकी पँटला जास्त भितो. गेल्या वर्षी एका दुपारी वनरक्षकाची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तो कोणाला तरी विचारताना दिसला, "मागच्या आवारात काय काय आहे, पाहायचंय." एवढं पुरे झालं. नर्सबाईंचं लाकूड सगळं जुन्या दारांचं आणि खोक्यांचं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण गल्लीला विचार करायला सवड कुठे होती? दहा मिनिटांत त्यांची सांदवाडी धुऊन पुसून रिकामी झाली. फळ्या कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्यात. नामदेवभाऊंनी, ज्यांना ते लाकूड डोळ्यांसमोर नको होतं त्यांनी, खुराड्याचा अख्खा बाक उचलून स्वतःच्या घरात नेला. आमच्या वाट्याला एक दार आलं. सुनंदानं ते खाटेवर निजवलं आणि वरून गोधडी घातली.

वनरक्षक आमच्या घरातूनच मागे जायला निघाला. खाटेपाशी थांबला.

"कोण झोपलंय?"

"मामा आहेत," सुनंदा म्हणाली. "ताप आहे."

तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. खाटेवर गोधडीखाली कोणी तरी निजलंय आणि घरचे घाबरून उभे आहेत, एवढंच त्यांनी पाहिलं. गळ्यातली नळी कानात गेली, दुसरं टोक गोधडीखाली. आम्ही सगळे थिजलो. त्यांनी ऐकलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाकी पँटकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाल्या, "छाती साफ हाये. आराम करू द्या."

वनरक्षकानं टोपी काढली, मामांना लवकर बरं वाटो म्हणाला, आणि मग खरं काम सांगितलं. तळ्याच्या बाजूनं बिबट्या फिरतोय. मागच्या आवारांत पंजाचे ठसे आहेत का ते बघायचं होतं. कोंबड्या, बकऱ्या उघड्यावर ठेवू नका, एवढं बजावून तो गेला. नर्सबाईंनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि एकटाच फिरतोस म्हणून रागावल्या.

पुढचा महिनाभर फळ्या परत येत होत्या. कोणी काय नेलं हे कोणालाच आठवेना. खुराड्याचं दार भीमाबाईंकडे सापडलं. भीमाबाई कोपऱ्यावर राहतात, तळ्यातल्या मासोळ्या विकतात. त्यांनी लपवता लपवता त्या दारावर मासोळ्या वाळत घातल्या होत्या. ते दार परत बसवल्यापासून खुराड्याभोवती गल्लीतल्या सगळ्या मांजरी सभेला येतात. कोंबड्यांची झोप गेली.

पण बिबट्याची बातमी खरी होती आणि भीमाबाईंकडे लाली नावाची बकरी होती. भीमाबाई तिला घरात, स्वतःच्या खाटेला बांधून निजू लागल्या. "बाई, एक तर ते राहीन नाई तर माही सून राहीन," त्यांनी नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाईंनी लालीची छाती तपासली आणि बकरीसाठी कोठा बांधायला घेतला. बिबट्याचा बाप आला तरी उघडणार नाही असा कोठा. जाड फळ्या, वर आडव्या बल्ल्या, दाराला आपोआप पडणारी लाकडी खिटी. बाहेर बाक होताच.

पंधरा दिवसांनी लालीला गाजावाजा करून आत नेलं. भीमाबाईंनी तिला कुंकू लावलं. आत चारा होता. दार लोटलं. खिटी खटकन पडली.

आतून पडली.

नर्सबाईंनी खिटी दाराच्या आतल्या बाजूला बसवली होती. बिबट्या आत जाऊ शकत नव्हता हे खरं, पण भीमाबाईही जाऊ शकत नव्हत्या. लाली आत चारा खात उभी होती आणि बाहेर नर्सबाई व आम्ही अकरा माणसं. नामदेवभाऊ डोक्याला हात लावून बाकावर बसले. नर्सबाईंच्या कुठल्याही बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी नर्सबाईच बाकावर चढल्या, बाकावरून छपरावर गेल्या, दोन बल्ल्या सरकवून आत उतरल्या. वय सदुसष्ट. मी फटीतून बघत होतो.

आणि तेव्हा मला दिसलं. खिटी त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि फळीवरून चाचपत चाचपत, बोटांनी एक एक जोड मोजत, खिटी शोधली. लालीच्या शिंगाला एकदा खिटी समजून वर उचललं. लालीनं ऐकून घेतलं.

दार उघडल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "नर्सबाई, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसते ना."

मी दोन बोटं धरली. "किती?"

"मास्तर, मी तीस वर्षं लोकाईले हेच इचारलं," त्या म्हणाल्या. "दोनच धरते सगळे."

मग कबूल केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला, उजव्यानं धुकं दिसतं. म्हणजे वाकड्या फळ्यांचा सगळा दोष टेपचा नव्हता तर. हातात करवत, हातोडी, पटाशी, आणि समोर धुकं. त्याच आठवड्यात त्यांनी खिळ्याऐवजी अंगठ्यावर हातोडी मारली आणि स्वतःचा केसपेपर काढला: 'नाव – अंगठा. तक्रार – निळा. सोबत – चार बोटं.' आम्ही हसलो. सुनंदा हसली नाही. "एक दिवस बोट जाईल त्यांचं," ती म्हणाली. "किंवा डोळा पूर्ण जाईल. मग हे सगळं बंद. मग त्या करतील काय दिवसभर?"

त्या दिवसापासून गल्लीचं एकच काम होतं. नर्सबाईंना ऑपरेशनला न्यायचं. गडचिरोलीला डोळ्यांचा दवाखाना आहे, जाऊन यायला दिवस पुरतो. ज्या बाईनं अख्ख्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून डोळ्यांच्या शिबिराला नेलं, ती स्वतः जाईना. घाबरत होती असंही नाही. "घाबरायचं काय त्यात? दहा मिनिटाचं काम हाये," असं त्या आम्हालाच समजावत. मग काऊन नाई जात, असं नामदेवभाऊंनी सरळ विचारलं.

"भाचा येनार हाये कोरपन्याहून. तो आला का मी जाते."

भाच्याची कापसाची शेती. कापूस वेचून झाला की येतो म्हणाला होता. कापसानंतर तूर निघाली. तुरीनंतर हरभरा. मग उन्हाळी नांगरणी, मग सोयाबीनची पेरणी. विदर्भात पिकं काही संपत नाहीत, त्यामुळे भाचा काही येईना. "फोन लावून द्या, मी बोलतो," मी म्हटलं. "त्याचा फोन लागत नाई शेतात," त्या म्हणाल्या आणि रंधा मारू लागल्या. लाकडाच्या कपच्या उडत होत्या आणि त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, जरा न्हानीचा केसपेपर काढून द्या बरं. माप पाह्यजे. माहा चष्मा कुठी ठेवला का माहीत." चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मी केसपेपर काढायला वळलो. पत्र्याच्या पेटीत सगळे पुठ्ठे नीट लावलेले होते. मांडव, सरपण, खुराडं. न्हाणी काढताना तळाशी एक छापील कागद लागला.

डोळ्यांच्या दवाखान्याचा फॉर्म. घडीवर पिवळा पडलेला. निळी शाई, सुवाच्य अक्षर, म्हणजे डोळ्यांना अजून बऱ्यापैकी दिसत होतं तेव्हाचा. नाव, वय, रक्तदाब, साखर, पूर्वीचे आजार, सगळं भरलेलं. एकच चौकट रिकामी. 'ऑपरेशनच्या दिवशी सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व रुग्णाशी नाते.' रिकामी म्हणजे कोरी नव्हती. तिथे पेन्सिलीनं काही तरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. खोडरबरानं कागद इतका झिजला होता की उजेडाला धरला तर आरपार दिसत होतं.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आठ वर्षं या बाईच्या आणि माझ्या घरात एक भिंत होती, तीही तिच्या मांडवाला धरून. रोज ती मला विचारत होती, सोबत कोन हाये. मला वाटायचं ही तिची लकब आहे. पाहुण्यांना मी नक्कल करून दाखवायचो.

न्हाणीचा केसपेपर मी त्यांना वाचून दाखवला आणि तो फॉर्म खिशात घालून चोरून घरी आणला.

सुनंदानं तो वाचला, पेन घेतलं आणि चौकटीत माझं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. नात्याच्या जागी 'शेजारी' लिहिलं. दारातून नामदेवभाऊ बघत होते. "मले दे," ते म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी जाड अक्षरात नाव लिहिलं आणि नातं लिहिलं, 'सुतार'. भीमाबाई टोपली उतरवून आल्या, त्यांनी अंगठा उठवला, त्यासोबत मासोळीचं एक खवलंही चिकटलं. नातं काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "लिव्हा ना, बकरीवाली." मग त्यांची सून. मग गिरणीवाला. चौकट भरली, समास भरला, कागद पालथा करावा लागला. लाली सोडून कोठ्यापाशी उभे असलेले सगळेच्या सगळे अकरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म घेऊन गेलो. सगळेच आले. नर्सबाईंनी कागद हातात घेतला, नाकाशी नेला, दूर धरला. काय आहे ते त्यांना स्पर्शावरून कळलं असावं, कारण त्यांचा अंगठा नेमका त्या झिजलेल्या जागी गेला.

"वाचा मास्तर," त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो. प्रत्येक नावाला त्या "हं" म्हणत होत्या, हजेरी घेतल्यासारख्या. नामदेवभाऊंचं नाव आलं तसा त्यांनी हात वर केला.

"याचं तर पहिले लिहाले पाह्यजे होतं. पहाटे मी देवळात गेली असं समजून रोज येते, खुराड्याले चोरून दोन खिळे मारून जाते. मांडवाले पाचर ठोकते. मी फाटकापाशीच उभी राह्यते." त्या नामदेवभाऊ समजून भलत्याच माणसाकडे, गिरणीवाल्याकडे, वळल्या. "डोळ्यात मोतीबिंदू हाये भाऊ माह्या. कानात नाई."

नामदेवभाऊ खाली बघू लागले. आठ वर्षं त्या सांदवाडीतलं काही पडलं कसं नाही, हे कोडं मला त्या क्षणी सुटलं.

मी पुढे वाचलं. भीमाबाई, बकरीवाली. सून. गिरणीवाला. शेवटपर्यंत. नर्सबाईंनी पदरानं चष्मा पुसला, ज्यानं काही फरक पडणार नव्हता. आता रडतील असं वाटून सुनंदा पुढे झाली.

"पन एवढे लोक तिथी बसतीन कुठी?" नर्सबाई म्हणाल्या. "मी पाह्यला हाये तो दवाखाना. बाक कमी हायेत." आणि त्यांनी कमरेचा टेप काढला.

अकरा माणसांचा बाक. तो झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, ही अट. गल्लीनं मान्य केली. नर्सबाईंनी सगळ्यांना ओळीत बसवून आमची बसायची रुंदी ताणलेल्या टेपनं मोजली. त्यात भीमाबाईंचं माप मोठ्यानं वाचल्यामुळे थोडं भांडण झालं. नामदेवभाऊंनी तेच स्टीलच्या टेपनं पुन्हा मोजलं. दोन मापांत एक अख्खा माणूस जास्तीचा निघाला. "असू द्या, कोनी तरी येते ऐनवेळी," नर्सबाई म्हणाल्या. लाकूड ऐकणं नर्सबाईंचं, कापणं नामदेवभाऊंचं. मासोळ्यांच्या टेम्पोत तेवढा लांब बाक मावेना म्हणून मधे बिजागऱ्या घालून तो गुडघ्यातून वाकेल असा केला. पूर्ण झाला तेव्हा नर्सबाईंनी त्याच्यावर हात टेकून दाबून पाहिला.

"हालत नाई."

"नाईच हालनार," नामदेवभाऊ अभिमानानं म्हणाले.

"मंग जिवंत हाये हे कसं समजन?"

तीन पिढ्यांच्या त्या सुतारानं सुस्कारा सोडला, एक पाय वर केला आणि त्याच्याखाली रंध्याचा एक हात मारला. बाक टक् करून हलला. नर्सबाईंचं समाधान झालं. केसपेपर मी लिहिला, त्यांनी सांगितलं: 'नाव – बाक. तक्रार – नाही.'

दवाखान्याच्या दारात रखवालदारानं आम्हाला अडवलं. बाक आत नेता येणार नाही म्हणाला. नर्सबाईंनी त्याला विचारलं, तू दिवसभर उभाच राह्यतं काय? तो हो म्हणाला. मग त्यानंच एक टोक धरलं. व्हरांड्यात भिंतीला लागून बाक मांडला. मासोळीचा वास थोडा होता. आम्ही अकरा जण ओळीनं बसलो, बारावी जागा रखवालदाराला मिळाली.

नर्सबाई खिडकीपाशी गेल्या. मी धरायला उठलो तर त्यांनी हातानं बसवलं. पाठीमागून त्या एकदम लहान दिसत होत्या. आतल्या तरुण नर्सनं फॉर्म उलटसुलट केला, समासातली नावं बघितली, खवल्यापाशी थांबली.

"आजी, हे काय आहे? सोबत कोण आहे तुमच्या?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आम्ही सगळेच एकदम पुढे झुकलो आणि बाक टक् करून हलला. नर्सबाईंनी त्या आवाजाकडे मान वळवली. आम्ही त्यांना दिसत नव्हतो, तेवढ्या अंतरावर त्यांना फक्त धुकं होतं. पण आमच्या दिशेला बघून त्या हसल्या.

"एकाचंच नाव चालतं आजी. एकच सांगा."

"एकच?" नर्सबाईंनी खिडकीच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकली आणि विचार करू लागल्या. मागे रांग वाढत होती. त्यांना घाई नव्हती.

"थांब पोरी," त्या म्हणाल्या. "कोनाचं सांगू?"